जानूच्या तोंडचं खरं

दांडी गावच्या जानूच्या कपाळावर होडीची कप्पी बसली, त्याला तीन वर्षं झाली. बोईसरच्या डॉक्टरनं त्याच्या बायकोला, हिराला, मेंदूचा फोटो दाखवला होता. "कपाळामागचा हा भाग माणसाला आवरतो. कुणापुढं काय बोलू नये, ते इथं ठरतं. तो गेलाय. आठवण मात्र शाबूत आहे, बरं का."

हिरा आधी रडली. मग तिच्या ध्यानात आलं, की नवरा कानावर पडलेलं सगळं गावभर ओकतो आणि त्याला कुणी बोल लावत नाही. उलट गाव म्हणायचं, "डोक्याला मार लागलाय बिचाऱ्याच्या, तो कशाला खोटं बोलंल?" झालं! बाईला आयतं कोलीत मिळालं. सकाळी चहाबरोबर ती त्याच्या कानात हवं ते घालायची आणि तो बोलून आला, की हातावर गूळ ठेवायची.

शेजारच्या शैलाशी बोंबील वाळवायच्या जागेवरून तिचं वाकडं होतं. एका सकाळी हिरानं जानूला सांगितलं, "शैलाच्या स्नेहाला फिट येतात." चांगली धडधाकट पोर ती! पण जानू बोलला, म्हणजे खरंच. स्नेहाचं ठरलेलं लग्न आठ दिवसांत मोडलं. पोर महिनाभर उंबऱ्याबाहेर आली नाही, आणि ही बया शैलाकडे जाऊन डोळे पुसून आली.

मग हिराच्या लेकीला, दीपालीला, केळव्याचं स्थळ आलं. दीपालीनं मनोमन संसार मांडला होता. लग्नाच्या बोलण्यांच्या दिवशी शेजारणींना बोलवायची रीत, म्हणून शैलाही कोपऱ्यात बसली होती. मुलाची आई चंद्रकांता हसत म्हणाली, "आमाला पोरगी पसंत हाय. पण जानूभाऊ खोटं बोलत नाय, असं केळव्यापर्यंत ऐकलंय. सांगा भाऊ, पोरीला काय दुखणं-बिखणं?"

हिरा निर्धास्त होती. दीपालीबद्दल तिनं काहीच कानात घातलं नव्हतं.

"दीपालीला काय नाय," जानू म्हणाला. "फिट तर स्नेहालाबी नाय येत. हिराच बोलली, 'तसं सांग, लगीन मोडंल.' मोडलं! मंग गूळ दिला तिनं."

"येडा हाय हो तो! काय बी बोलतो!" हिरा किंचाळली.

"स्नेहाच्या येळंला नव्हता येडा?" चंद्रकांता उठली. "अशा आईची लेक आमाला नको."

"आई, खरं हाय?" दीपालीनं विचारलं.

जानूनं सवयीनं गुळासाठी हात पुढं केला. हिरा जागची हलली नाही. शैलाच उठली आणि तिनं पाहुण्यांसाठी मांडलेल्या ताटातला पेढा उचलून त्याच्या हातावर ठेवला.

"तुमच्या लेकीच्या लग्नाचा हाय, भाऊ," ती म्हणाली. "खा."