दुसरा दुभाषी

इंग्रजांच्या वसाहतीतल्या केप कोस्टच्या कोर्टात क्वेसी अब्बान हा एकच दुभाषी. तिथल्या साक्षीदारांचं फांटी भाषेतलं बोलणं सकाळी जज्ज रेनिकसाहेबांना इंग्रजीत सांगायचं, दुपारी मॅजिस्ट्रेटला. संध्याकाळी त्याचा घसा पार बसलेला असे. तरी कोर्ट उठल्यावर व्हरांड्यात तो केळीच्या पानात बांधलेला केंकीचा, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा, गोळा सोडून खात बसे आणि रेनिक शेजारी खुर्ची ओढत. बायको गेल्यापासून त्यांना बोलायला दुसरं माणूसच नव्हतं.

"आजची म्हातारी जाता जाता काय म्हणाली, सांगू साहेब?"

"शिव्या दिल्या?"

"म्हणाली, ह्या गोऱ्याला घरी कुणी जेवायला घालत नाही का?"

रेनिक खूप हसले होते.

एका खटल्यात बोलता बोलता अब्बान भोवळ येऊन पडला. रेनिकांनी सरकारकडे दुसरा दुभाषी मागितला. गव्हर्नरचे चिटणीस हॅलिडे स्वतः आले.

"तिजोरीत खडखडाट आहे. तुरुंगातल्या शिपायाला फांटी येतं, त्याला घ्या की."

"ज्यानं आरोपीला कोंडलंय, त्याच्याच तोंडून आरोपीची बाजू ऐकू? माणूस द्या, तोवर कोर्ट बंद."

कोर्ट खरंच बंद राहिलं. क्लबात रेनिक आले की पत्त्यांचं टेबल गप्प होई. पुढे त्यांनी तिथं जाणंच सोडलं. तुरुंग भरत चालला, तेव्हा कुठं गव्हर्नर नमले.

दोन तरुण दुभाषी हजर झाले. अब्बानच्या पगारात दोघं बसवून त्याला घरी पाठवलं होतं.

रेनिक तडक हॅलिडेंकडे गेले. "मी त्याच्या मदतीला माणूस मागितला होता!"

"एक मागितलात, दोन दिले. थकला होता ना तो? आता घेईल विश्रांती."

रेनिकांनी लंडनपर्यंत तक्रार नेली. उत्तर आलं, कर्मचारी नेमणं हे सरकारचं काम.

एका रविवारी ते जवळच्या अनोमाबू गावी अब्बानच्या घरी गेले. त्यानं लगबगीनं खुर्ची मांडली. मुलीनं मासळी वाढली.

"तुमची नोकरी माझ्यामुळे गेली, अब्बान."

"जेवा साहेब, निवतंय."

अंगणात सुना, जावई, शेजारी जमले होते. कुणी फांटीत काही बोललं आणि सगळे खो खो हसले. अब्बानही हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"काय म्हणाले ते?" रेनिकांनी विचारलं.

"काही नाही साहेब. घरातलं बोलणं."

तो पुन्हा घरच्यांकडे वळला. रेनिक खाली मान घालून मासळीचे काटे काढत राहिले.