खिळ्यापर्यंतचे अंतर

जळगावचे देवचंद नाना धावणाऱ्यांच्या जगातल्या ज्या ज्या माणसांना ओळखत होते, त्यांतल्या बहुतेकांना ते मनातून तुच्छ मानत. आणि ही गोष्ट लपवत बसण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नव्हता. शर्यतीआधी स्पीकरच्या तालावर उड्या मारून पोटऱ्या थकवणारे, पाण्याच्या टेबलाशी उभे राहून फोटो काढणारे, शर्यत संपल्यावर जस्ताचे पदक दातांखाली धरणारे, अशा सर्वांसाठी त्यांच्याकडे एकच शब्द होता: वऱ्हाडी. त्यातही खास तिरस्कार त्यांनी एका जातीसाठी राखून ठेवला होता. या जातीचे लोक शर्यत संपवून थेट वाहनतळावर जात आणि मनगटावरच्या घड्याळात एकवीस किलोमीटर भरेपर्यंत मोटारसायकलींच्या भोवती गोल गोल पळत. अंतर पुरे झाले की नाही हे रस्त्याला विचारायचे असते, मनगटाला नाही, असे नाना म्हणत.

नाना जळगावच्या तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकले, पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी धावू लागले. आता ते चौसष्ट वर्षांचे होते. प्रत्येक अर्ध-मॅरेथॉनची वेळ त्यांनी आलेखाच्या कागदावर बिंदूने मांडली होती. पाच हिवाळे तो वक्र हळूहळू खाली आला होता, गेल्या वर्षी तो सपाट झाला आणि पुढे तो वर वळणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. दोन तासांच्या रेषेला मात्र तो अजून शिवला नव्हता. सर्वांत चांगली वेळ दोन तास बावीस सेकंद. हिशेब असा होता की, शिवला तर याच हिवाळ्यात शिवेल. पुढच्या वर्षीपासून नाना आयुष्यभर दोन तासांच्या वरचे माणूस राहणार होते. द्रौपदाबाई, त्यांची पत्नी, एकदा तो कागद चष्म्याजवळ नेऊन म्हणाली होती की, एवढी जपून तर जन्मकुंडलीसुद्धा कोणी ठेवत नाही.

धुळ्याची शर्यत ही या हिवाळ्यातली शेवटची. तिचा मार्ग नानांनीच मोजला होता. धुळ्यात व्यायामशाळा चालवणारा कुंदन हा तिचा प्रमुख संयोजक. त्याला अंतराचा दाखला हवा होता, कारण दाखला असला की इथल्या वेळा मोठ्या शहरांतल्या शर्यतींत ग्राह्य धरल्या जातात. नाना सायकल घेऊन आले. तीनशे मीटर लांबी पोलादी फितीने मोजून त्यांनी आधी पुढच्या चाकाचे फेरे ठरवले, मग देवपुरातून साक्री रस्त्याने सायकल नेली आणि वळण्याच्या जागी डांबरात पितळी वॉशर घालून खिळा ठोकला. त्याभोवती पांढऱ्या रंगाची चौकट काढली. त्या जागी रस्त्यावर झाड नव्हते, टपरी नव्हती, काही नव्हते. कुंदनने कागद पुढे केला तेव्हा नानांनी अट घातली की, सही शर्यत झाल्यावरच होईल. मार्ग त्या दिवशी जसा मांडला जाईल, तसा पाहून. कुंदन हसला. इंजिनिअर माणसाची हौस, असे त्याला वाटले असावे.

शर्यतीच्या सकाळी मैदानावर नानांना पहिल्यांदा दिसला तो हिलाल. एरंडोलकडचा हा शेतकरी बासष्ट वर्षांचा होता आणि साठच्या पुढच्या गटात गेली तीन वर्षे नानांच्या नशिबी आला होता. याच्याकडे घड्याळ नव्हते. तो वाटेत चहासाठी थांबे, बांधावरच्या माणसांना पिकांची चौकशी करी, एखाद्या म्हशीपुढे उभा राहून तिचे वयसुद्धा विचारी. आणि एवढे सगळे करून कधी नानांच्या पुढे दोन मिनिटे, कधी मागे दोन मिनिटे असा पोचे. त्याला करंडक मिळत. एका करंडकात घरी मीठ ठेवले आहे, हे त्याने नानांना स्वतःहून सांगितले होते, आणि ते सांगताना त्याला जराही संकोच झाला नव्हता. वेळेची पर्वा नाही, क्रमांकाची कदर नाही, मग हा माणूस धावतो तरी कशाला? नुसत्या मौजेसाठी एवढे कष्ट घेणे हा नानांच्या मते एक प्रकारचा बुद्धिदोष होता.

शर्यत सुटली. पहिले पाच किलोमीटर नाना ठरल्या गतीने धावले, किलोमीटरला पाच मिनिटे एक्केचाळीस सेकंद. सहाव्या किलोमीटरला हिलाल एका टपरीवर बशीत चहा ओतताना दिसला. नानांनी मान फिरवली. आठव्याला उजवा गुडघा बोलू लागला. दहाव्याला ते एकोणीस सेकंदांनी मागे पडले होते. आणि मग समोर कडुलिंब दिसला.

त्या कडुलिंबाला एक भलामोठा फलक बांधला होता. त्यावर रंगीत अक्षरांत काहीतरी उत्साहवर्धक लिहिले होते, आणि त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढता यावा म्हणून चौकटही कापलेली होती. फलकाच्या बरोबर खाली, रस्त्याच्या मध्ये, वळण्याचे पिंप ठेवले होते. गुलाबी बनियनमधली दोन स्वयंसेवक मुले शिट्ट्या वाजवून सर्वांना तिथूनच परत पाठवत होती.

नानांना काय झाले ते एका दृष्टिक्षेपात समजले. फलक बांधायला झाड हवे. झाड खिळ्यापासून तीनशे दहा मीटर अलीकडे. म्हणून पिंप झाडाकडे आले. फोटोच्या सोयीसाठी शर्यत सहाशे वीस मीटरांनी आखूड झाली होती. नानांच्या पुढे पळणारे सगळे तिथूनच वळले होते, आणि नानांच्या गटातला पुढे कोणीही नव्हता.

घड्याळात अठ्ठावन्न मिनिटे एकतीस सेकंद झाले होते. इथून वळले तर दोन तासांच्या आत निवांत पोचता येईल आणि गटात पहिला क्रमांकही मिळेल. पुढे गेले तर एकोणीस सेकंदांची तूट तशीच राहील आणि पहिला क्रमांक हातचा जाईल. गुडघ्याने आपले मत दिले. नानांची चार पावले पिंपाभोवती वळलीसुद्धा. पाचव्या पावलाला त्यांना स्वतःची तीच किळस आली, जी ते एरवी वाहनतळावरच्या लोकांसाठी राखून ठेवत. ते थांबले, फिरले आणि पिंप ओलांडून सरळ पुढे निघाले. मागून मुलांनी शिट्ट्या वाजवल्या, काका, काका म्हणून हाका मारल्या. नानांनी वळून पाहिले नाही. त्या मोकळ्या रस्त्यावर ते एकटेच होते, आणि हे त्यांना योग्यच वाटले.

पांढरी चौकट दिसली. नानांनी बुटाचे टोक खिळ्यावर ठेवले, वळले, तर समोर हिलाल.

"तुम्ही फिरनात नही, म्हनीसन मी बी फिरनू नही," हिलाल अहिराणीत म्हणाला. "काय शे आठे?"

"इथे शर्यत वळते," नाना म्हणाले. "तिथे फक्त फोटो वळतात."

हिलालने वाकून वॉशर पाहिला, मग नमस्काराला लावावा तसा त्याला हात लावला आणि निघाला. हा माणूस चहासाठी थांबूनही आपल्याला गाठतो, यात नानांना निसर्गाची ढळढळीत बेशिस्त दिसत होती. पण पुढचे दहा किलोमीटर त्यांच्यासमोर त्याची पाठ होती, घामाने चिकटलेला मळका सदरा होता, आणि त्या सदऱ्याला सुटू द्यायचे नाही एवढा एकच विचार होता. हिलाल मध्ये दोनदा मागे वळून काहीतरी बोलला, कापसाबद्दल असावे. नानांजवळ उत्तरापुरता श्वास नव्हता. शेवटच्या रस्त्यावर नानांनी सगळे बळ लावले. हिलालला कोणीतरी ओळखीचे हाक मारत होते, त्यांना हात करत करतच तो कमानीखालून गेला. नाना त्याच्यामागे होते. कमानीवरच्या घड्याळात एक तास एकोणसाठ मिनिटे एक्कावन्न सेकंद दिसत होते.

ते ओणवे होऊन बराच वेळ श्वास घेत राहिले. आसपास सगळे आनंदाने ओरडत होते. जो तो आपली आजवरची सर्वोत्तम वेळ सांगत होता, चार-चार मिनिटांनी सुधारलेली. घड्याळात अंतर कमी दिसते म्हणून काहीजण वाहनतळाकडे निघालेही होते.

कुंदनने नानांना निकालाच्या टेबलाशी बोलावले. साठच्या पुढच्या गटात चोपड्याचे एक निवृत्त मुख्याध्यापक पहिले आले होते, त्यांना करंडकही देऊन झाला होता. हिलाल आणि नाना यांची नावे खाली, तिसऱ्या-चौथ्या ओळीत होती. नानांनी पिंपाची हकीकत सांगितली. कुंदनचा चेहरा उतरला, पण तो वाकबगार होता. त्याने आवाज खाली आणून सुचवले की, नानांच्या वेळेतून साडेतीन मिनिटे वजा करता येतील, म्हणजे पहिला क्रमांक त्यांचाच. दाखल्यावर सही तेवढी व्हावी.

"वजा करायचीच असतील तर माणसे वजा कर," नाना म्हणाले. "शर्यत दोघेच धावले आहेत."

कुंदन म्हणाला की, चारशे माणसे आज खूश होऊन घरी चालली आहेत, नानांना लोकांचा आनंद बघवत नाही काय. नाना म्हणाले की, आनंदाला त्यांची हरकत नाही. तो जेवढ्या अंतराचा आहे तेवढ्या अंतराचा कागद ते लगेच देतील. मग कुंदनने शेवटचा मुद्दा काढला, आणि तो चुकीचा नव्हता. नाना खिळ्यापर्यंत गेले याला पुरावा काय? तिथे ना माणूस होता, ना यंत्र.

बांधकामावर एका सहीसाठी त्यांनी ठेकेदारांना उन्हात उभे केले होते. आज त्यांच्या शब्दाला दुसऱ्याची साक्ष हवी होती, आणि ती देऊ शकणारा माणूस जगात एकच होता. तो मंडपाच्या खांबाला टेकून पोहे खात होता. नानांना त्याच्याकडे जावे लागले आणि विनंतीही करावी लागली.

हिलाल पोह्यांची बशी घेऊनच टेबलाशी आला. "टाईम माले माहीत नही," तो कुंदनला म्हणाला. "पन जठे खिळा ठोकेल व्हता, तठलोंग आम्ही दोन्ही गवूत. बाकीना बठ्ठा झाडजोडेथून परतनात." खिळ्यापर्यंत दोघेच गेल्याची ही साक्ष झाल्यावर किंचित विचार करून त्याने भर घातली की, नाना आधी झाडाजवळ जरा वळले होते, नंतर सरळ गेले.

नानांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले. खोटे त्यात काहीच नव्हते.

त्यांनी दाखल्याचा कागद ओढला. आज मांडलेल्या मार्गाचे अंतर: वीस किलोमीटर चारशे साडेसत्त्याहत्तर मीटर. खाली सही, तारीख. त्याखाली, कोणी मागितलेले नसताना, त्यांनी पूर्ण अंतर धावलेल्यांची यादी लिहिली. पहिला हिलाल, एक तास एकोणसाठ मिनिटे सत्तेचाळीस सेकंद. दुसरे देवचंद, एक्कावन्न सेकंद. तिसरे नाव नव्हते, म्हणून त्यांनी रेघ मारली. कुंदनने तो कागद विंचू उचलावा तसा उचलला.

आपण पहिले आलो हे हिलालला समजावून सांगावे लागले. करंडक मात्र चोपड्याला गेला, हेही नानांनी सांगितले.

"बरं जयं," हिलाल म्हणाला. "घरमा मीठ तेवढंच शे."

संध्याकाळी जळगावला नानांनी आलेखाचा कागद उघडला. टोकदार पेन्सिलीने बिंदू दिला. तो दोन तासांच्या रेषेच्या खाली बसला. द्रौपदाबाईने खांद्यावरून पाहिले आणि आता तरी समाधान झाले का, असे विचारले. नानांनी पेन्सिल पुन्हा कागदावर टेकवली. प्रत्येक बिंदूशेजारी ते परिस्थितीचा शेरा लिहीत असत, वारा, ऊन, गुडघा असा. या वेळी त्यांनी लिहिले: चहासाठी थांबलेल्या माणसाच्या चार सेकंद मागे.