तोंड माझं, पोट सर्व्हरचं

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे, डोळ्यांच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरात राहणारा. आधीच सांगून ठेवतो, मी एका माणसावर डूख धरून बसलोय. गोडगोड ऐकायचं असेल तर मी तुमच्या कामाचा नाही.

मला डॉक्टरबाईंच्या धाकट्या दिरानं सुट्टीत बसून बनवलं. पेशंटचं नाव, वय, फोन, भिंगाचे नंबर, सगळं माझ्याच पोटात असायचं. नोंदणीवरची ताई माझ्यावर जीव टाकायची. सकाळी स्क्रीन पुसता पुसता म्हणायची, "चल रे बाबा, लाग कामाला!" मीही लागायचो.

पुढे दवाखान्याची दुसरी शाखा निघाली. माहिती दोन्हीकडे दिसावी म्हणून मोठा सर्व्हर आणला, त्याला गार खोली दिली. तो जोडायला आले घाईसाहेब. हे नाव ताईनंच पाडलेलं, कारण ते चहासुद्धा उभ्याउभ्या प्यायचे. त्यांनी माझ्या पोटातलं सगळं काढून सर्व्हरमध्ये भरलं आणि म्हणाले, "हे डबडं आता नुसतं तोंड."

डबडं! बरं, असू दे.

जोडताना मी त्यांना रीतसर विचारलं, 'प्रत्येक पेशंट वेगळा कशावरून ओळखू?' पर्यायांच्या यादीत 'पेशंट क्रमांक' सगळ्यात वर होता. पण साहेब कानाला मोबाइल लावून कुणाशी तरी खिदळत होते. न वाचताच त्यांनी 'फोन नंबर' निवडला आणि निघून गेले.

आता मला सांगा, एका घरात एकच फोन दिलेला असला तर? मी त्या घरातला पहिला माणूस सगळ्यांच्या जागी दाखवू लागलो. सर्व्हरच्या पोटात सगळं बरोबर होतं, तोंड तेवढं या गृहस्थांनी वाकडं केलं होतं.

एक शाळकरी मुलगी चष्म्यासाठी आली. चष्मेवाल्याच्या चिठ्ठीवर फोन आणि भिंगाचे नंबर एवढंच छापलं जायचं. छापले गेले तिच्या आजोबांचे नंबर. नवा चष्मा लावून पोर जिना उतरायला गेली आणि गडगडत खाली आली. हात मोडला.

घाईसाहेबांनी सर्व्हर उघडूनही पाहिला नाही. म्हणाले, "नोंदणीवरच्या बाईंनी टाइप करताना घोळ घातला असणार."

"मी नीट टाकले होते हो!" ताई रडकुंडीला आली. डॉक्टरबाईंनी मान खाली घालून सांगितलं, "या महिन्यानंतर दुसरीकडे काम बघ."

मित्रांनो, माझा नुसता जळफळाट झाला. मला ओरडता येत नाही, म्हणून मी वाट पाहिली.

आणि एका सकाळी घाईसाहेब स्वतःच्या आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी घेऊन आले. घरातले तिघंही इथलेच पेशंट, आणि फोन नंबर सगळ्यांना साहेबांचाच दिलेला. ताईनं नंबर टाकला. मी घाईसाहेबांचं नाव दाखवलं. खाली त्यांच्या बायकोची जागा, तिथंही घाईसाहेब. आईच्या जागीही घाईसाहेब, वय चाळीस.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "आईंच्या भिंगाचा नंबर कुठंय? डोळ्यात कोणतं भिंग बसवू?"

"नोंदणीवरच्या बाईंनीच पुन्हा काहीतरी..." साहेब सुरू झाले.

"गप रे!" आई कडाडली. "या पोरीला काय वेड लागलंय सगळीकडे तुझंच नाव लिहायला? आधी तुझं तू तपास."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ताईच्या खुर्चीत बसून त्यांना सगळ्यांसमोर मला पुन्हा जोडावं लागलं. मी तोच प्रश्न विचारला. या वेळी त्यांनी तो वाचला, आणि त्यांचे कान लालभडक झाले. अस्सा आनंद झाला मला, काय सांगू! आईंची नोंद आली, बायकोची आली. त्या मुलीची उघडली, तर ताईनं टाकलेले नंबर जसेच्या तसे.

"माफी माग," आई म्हणाली. त्यांनी मागितली. ताईची नोकरी राहिली.

आता मला काढून नवा प्रोग्रॅम आणणार आहेत. आणू देत. तोही जोडताना कुणाला तरी हेच विचारेल. मित्रांनो, माणूस कशावरून ओळखायचा असं कुणी विचारलं, तर आधी कानाचा मोबाइल खाली ठेवा.

ताईनं साहेबांना माफ केलंय. मी नाही. ती मुलगी अजून तपासणीला येते, हात बरा झालाय, पण जिना मात्र बसून बसून उतरते.