आजींचा डावा हात

"तिचं बरंय बाबा. डब्यासोबत उत्तरंही घरूनच येत असतील."

वाक्य कपाटांच्या रांगेपलीकडून आलं. अलीकडे ती एका पायात हॉलमधली चप्पल आणि दुसऱ्या पायात बाहेरची अशी उभी होती. बोलणारा लांब्या. उंचीमुळे असेल, पण त्याच्या आवाजाला कपाटांवरून उडी मारून पलीकडे पडायची सवयच होती. त्यावर मास्तर नुसतं "हं" म्हणाले. मास्तरांचं हे "हं" मोठं चतुर. त्यात होकार असायचा, आणि उद्या साक्ष द्यायची पाळी आलीच तर नकारही.

तिनं हातातली चप्पल जमिनीवर आपटली. पलीकडे एकदम नळ सुरू झाला. चोरांनी हात धुवायला घेतले, असं तिला वाटलं.

लांब्या, मास्तर आणि ती, तिघंही पदव्युत्तर विद्यार्थी. पुढच्या सत्रापासून पहिल्या वर्षाच्या मुलांना डिसेक्शन हॉलमध्ये शरीररचना शिकवायची ती यांनीच. मास्तर आधी शाळेत शिकवत होते, म्हणून मास्तर. तिला पाठीमागे सगळे "घरची" म्हणत, कारण ज्या सरांच्या हाताखाली हे तिघं तयार होत होते ते तिचे सासरे. खरं तर ती हॉलमध्ये आधी आली होती आणि घरात नंतर. पण लोकांना क्रम कुठे लागतो? नातं पुरतं.

सरांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "या दाराच्या आत कुणी सासरा नाही आणि कुणी सून नाही." तेव्हापासून घरी "सूनबाई" आणि हॉलमध्ये "तुम्ही". तिचंही घरी "बाबा" आणि इथे "सर". जीभ उंबरठ्यावरच बदलायची. नवरा कामासाठी दुसऱ्या गावी, त्यामुळे घरात सासूबाई, सर आणि ती. संध्याकाळी जेवायला बसलं की तिघांच्या मध्ये हॉलचा वास चौथ्या माणसासारखा बसलेला असायचा.

सरांची शिकवायची रीत जगावेगळी. विषय येतो म्हणून शिकवता येतं, यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते स्वतः विद्यार्थी व्हायचे, तेही वर्गातला सगळ्यात ढ. टेबलापाशी खांदे पाडून उभे राहायचे, डोकं खाजवायचे, स्नायूला शीर म्हणायचे, यकृताला पोट म्हणायचे, आणि वर, "पण मॅडम, पुस्तकात तर हे लाल असतं," असा बावळटपणा करायचे की लांब्याला हसू आवरत नसे. अशा विद्यार्थ्याला यांनी शिकवायचं. अट एकच. उत्तर आपण सांगायचं नाही, ते त्याच्या तोंडून आलं पाहिजे. तो चुकला तर तीन गोष्टी विचारायच्या. कसं ओळखलंस? ओढून बघ, काय हलतंय? आणि का चुकलं?

"तिसरा प्रश्न सोडू नका," सर म्हणायचे. "चूक सुधारणं हे डाव्या हाताचं काम आहे. का चुकलं ते विद्यार्थ्याकडून काढणं म्हणजे शिकवणं."

टेबलावर ज्यांचा देह होता त्यांना "बॉडी" म्हणायची मुभा नव्हती. त्या म्हाताऱ्या बाईंनी जिवंतपणी सही करून देह दिला होता. "आजी म्हणा," सर सांगायचे. "आपल्याला इतकं शिकवणाऱ्या बाईला काय नुसतं सामान म्हणणार?"

आणि या आजींच्या डाव्या मनगटावर कुणीतरी घोळ करून ठेवला होता.

शेवटच्या परीक्षेला तिघांनीही आजींचा हात शिकवायचा होता. उजवा सरावाला, डावा परीक्षेसाठी राखून ठेवलेला. डाव्याची कातडी तेवढी सोलून, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती, आत कुणी शिरायचं नाही अशी ताकीद. आणि गेल्या आठवड्यात फडकं काढलं तर मनगटातली मुख्य नर्व्ह कापलेली. मधोमध. पहिल्या महिन्यातलं पोर करतं ती चूक. नर्व्ह म्हणजे संवेदना वाहणारी आणि टेंडन म्हणजे ओढली की हात हलवणारी, दोन्ही पांढरट दोऱ्या, कोवळ्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. पण या हॉलमध्ये कोवळं कोण होतं?

"कुणी केलं?" सरांनी विचारलं.

तिघांनीही आजींकडे बघितलं. आजी तर बोलणारच नव्हत्या.

"ज्यानं केलंय त्यानं परीक्षेआधी सांगावं. नाहीतर तिघांपैकी एकालाही वर्ग देणार नाही. चूक लपवणारा माणूस मला मुलांसमोर उभा नको."

म्हणजे झालं. वर्ग नाही तर वर्षभराची मेहनत पाण्यात. आणि तिच्यावर तर वर संशयही येणार होता, कारण हॉलची किल्ली दोघांकडेच. एक तिच्याकडे, दुसरी सरांकडे.

"सर थोडेच कापणार आहेत?" लांब्या कुणालाच उद्देशून नाही अशा बेतानं म्हणाला. मग त्यानं मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी छताकडे बघितलं.

तिच्या मनातही पाल चुकचुकायला लागली होती, पण ती वेगळ्याच भिंतीवर. तिचा संशय मास्तरांवर. सर सराव परीक्षेसाठी उजव्या हातावर रंगीत दोरे बांधून ठेवायचे. लाल दोरा कशाला बांधलाय, हिरवा कशाला, ते ओळखायचं. दुपारच्या सुट्टीत तिनं दाराच्या काचेतून आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं, की मास्तरांनी इकडेतिकडे बघत लाल दोरा सोडला आणि दुसरीकडे बांधला. घरचीला नापास करायला एवढं पुरे होतं. जो दोरा सरकवतो तो नर्व्ह का नाही कापणार? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण तिच्या मनात तर चक्क टॉर्च पेटला होता.

तेवढ्यासाठी तिनं तो काप पुन्हा नीट बघितला, आणि तिचा टॉर्च विझला.

काप एकाच फटक्यात झाला होता. स्वच्छ. घाबरणाऱ्या हाताचे ओरखडे असतात, दोनदा तीनदा टेकवलेली धार दिसते. इथे तसं काहीच नव्हतं. ज्यानं कापलं त्याला आपण काय कापतोय याची बालंबाल खात्री होती. तिनं भिंग घेतलं. मनगटात वरच्यावर एक बारीक टेंडन असतं, ते आधी कापून बाजूला करायचं, मग खाली ही नर्व्ह सापडते. आजींच्या उजव्या हातात ते होतं. डाव्या हातात नव्हतंच. काही माणसांना नसतं, निसर्ग विसरतो. म्हणजे कुणीतरी सवयीनं आत गेलं, बोटाला पहिली लागली ती दोरी उचलली, आणि कापली. पाहून नाही. सवयीनं.

अशी सवय व्हायला एक आयुष्य लागतं. लांब्याचं तेवढं झालेलं नव्हतं. मास्तरांचंही नाही.

तिनं फडकं पुन्हा गुंडाळलं आणि तो विचारही त्यातच गुंडाळून ठेवला.

घरी मात्र तो सुटून बाहेर आला. इतके दिवस जे नुसतं दिसत होतं ते आता टोचायला लागलं. सर पेपर उघडून बसायचे आणि म्हणायचे, "सूनबाई, मोठ्यानं वाच. शिकवणाऱ्याचा आवाज स्वच्छ हवा." तिला वाटायचं, किती ही कळकळ! सासूबाई पाण्याचा पेला टेबलावर ठेवायच्या नाहीत, थेट त्यांच्या हातात द्यायच्या. तिला वाटायचं, एवढ्या वर्षांचं प्रेम! एकदा तिनं सोफा खिडकीजवळ सरकवला होता तर सासूबाईंनी आकाशपाताळ एक केलं होतं. "माझ्या घरातलं काही हलवायचं नाही!" तेव्हा ती रात्रभर उशीत रडली होती, सासू म्हणजे अशीच म्हणून.

"आई," भांडी पुसता पुसता तिनं विचारलं, "बाबांचा चष्मा कधी बदललाय?"

सासूबाईंच्या हातातलं झाकण थांबलं. "बदलायचाय."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरांना काय, बोलायला लागतं काहीतरी." मग आतल्या खोलीकडे बघून, आवाज खाली आणून, "तू तुझ्या परीक्षेचं बघ ना बाई. त्यांचा तो हॉल गेला तर ते दिवसभर काय करतील, सांग. माझ्या तोंडाकडे बघत बसतील?" आणि आपल्याच बोलण्यातला विनोद लक्षात येऊन त्या हसल्या. हसता हसता पदर डोळ्यांकडे गेला. "तोंडाकडे तरी कुठलं बघतायत," असं काहीसं त्या पुटपुटल्या. ते तिनं ऐकलं नाही असं दाखवलं. सासू-सुनेचं इतकं एकमत त्या घरात पहिल्यांदाच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मास्तरांना वॉशबेसिनपाशी गाठलं.

"परवा लाल दोरा तुम्ही हलवलात."

मास्तरांनी साबण हातात फिरवला, फिरवला. "हलवला नाही. जागेवर नेला."

"म्हणजे आधी चुकीच्या जागी होता?"

"हं."

"बांधला कुणी होता?"

मास्तरांनी नळाकडे असं बघितलं की नळानंच बांधला असावा. "मला काय माहीत."

मागून लांब्या आला. कधी नव्हे तो हळू बोलला. "परवा सर मला मास्तर म्हणाले. मी समोर उभा होतो. म्हटलं, गंमत करत असतील." तो मास्तरांच्या खांद्याच्याही वर हातभर होता. मास्तर आणि लांब्या एकमेकांत चुकायला माणसाला आंधळं... तो शब्द तिघांच्याही ओठांपर्यंत आला आणि तिघांनीही गिळला.

"झाकली मूठ," मास्तर म्हणाले.

"आणि मी? मी कापलं म्हणून सगळे माझ्याकडे बघतायत ते?"

लांब्यानं बेसिनवरचा टॉवेल तिला दिला. तेवढ्यानं माफी मागून झाली असं त्याला वाटलं असावं.

परीक्षेच्या दिवशी हॉलच्या उंच खिडक्यांतून भरपूर ऊन येत होतं. सर खांदे पाडून टेबलापाशी उभे. "चला, कुणी काही सांगायचंय?" त्यांनी आधी विचारलं. कुणाला काही सांगायचं नव्हतं. "ठीक आहे. मग परीक्षा होईल, वर्ग मिळणार नाही. आधी तुम्ही या."

ती पुढे झाली. तिनं डाव्या हातावरचं फडकं काढलं आणि ती कापलेली दोरी अलगद त्यांच्या बोटांत दिली.

"हे काय आहे?"

सरांनी डोकं खाजवलं, ओठ लोंबवला. "टेंडन, मॅडम!"

लांब्या सवयीनं हसला. मग त्याचं हसू मधेच कुठेतरी अडकलं. हे नाटक होतं की नव्हतं? गेले कित्येक महिने, स्नायूला शीर म्हणताना, किती नाटक होतं आणि किती नव्हतं?

"कसं ओळखलंत?"

"सगळ्यात आधी तेच लागतं, मॅडम. वरच्यावर. नेहमीचंच आहे."

"ओढून बघा."

त्यांनी ओढलं. आजींची बोटं होती तशीच राहिली, किंचित मिटलेली, काही देता देता थांबल्यासारखी.

"काय हललं?"

सरांनी पुन्हा ओढलं. दुसरा हात आजींच्या बोटांवर ठेवला, एकेका बोटावरून फिरवला. लोंबवलेला ओठ केव्हाच जागेवर आला होता. "काही नाही."

"मग ते टेंडन आहे का?"

"नाही." त्यांची बोटं मनगटात त्या नसलेल्या टेंडनची जागा चाचपडत राहिली, आणि मग कापाच्या कडेवर येऊन थांबली. तो काप त्यांनी अंगठ्यानं ओळखला. स्वतःची सही ओळखावी तसा. "नर्व्ह आहे. या हातात वरचं टेंडन नाहीच आहे."

मास्तर भिंतीला टेकले. आता ती थांबली असती तरी चाललं असतं. सगळ्यांना कळलं होतं, आणि न बोलता सगळं निभावून नेण्यात हे घर आणि हा हॉल, दोन्ही पटाईत होते. सासूबाईंचा तो डोळ्यांकडे गेलेला पदर तिला आठवला. पण तिसरा प्रश्न सोडायचा नाही, हे तिला शिकवणारा माणूसच समोर उभा होता. आणि उत्तर आपण सांगायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं.

तिनं आवाज स्वच्छ ठेवला. पेपर वाचताना ठेवायची तसा.

"का चुकलं?"

सर सरळ उभे राहिले. खांदे वर आले, ढ पोरगा कुठल्याकुठे निघून गेला. तिच्या आवाजाच्या दिशेनं त्यांनी तोंड वळवलं, पण नजर तिच्या कानाच्या जरा बाजूला गेली.

"सूनबाई," ते त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच म्हणाले, "मला दिसत नाही गं."