उजवा पाय

मास्तर उतरले तेव्हा वारा समोरून होता, तोही बेताचा. धावपट्टी कोरडी, दुपार लख्ख. चूक व्हावी असं काहीच नव्हतं.

चौतीस वर्षं त्यांनी लोकांना विमान चालवायला शिकवलं. आता शिकवणं बंद होतं. आठवड्यातून तीनदा बेटावरच्या दवाखान्यात औषधं पोचवायची आणि एकट्याने परत यायचं, एवढंच काम उरलं होतं. विमान जुन्या घडणीचं, शेपटीखाली छोटं चाक असलेलं. असलं विमान जमिनीवर आलं की हट्टाला पेटतं. नाक जरा वळलं की लगेच उलट्या बाजूचा पाय दाबावा लागतो.

चाकं टेकली. नाक डावीकडे सरकलं. मास्तरांनी उजवा पाय दाबला, निदान त्यांना तसं वाटलं. पाय पेडलवरून केव्हाच घसरला होता. ते ध्यानात येईपर्यंत विमान भोवऱ्यासारखं गरकन फिरलं, उजवा पंख जमिनीला घासला, चाक मोडलं आणि सगळं थांबलं.

मेकॅनिक धापा टाकत आला. "लागलं का कुठे?"

"नाही."

"जिवावरचं पंखावर निभावलं म्हणायचं!" तो हसला. मग चाकांच्या खुणा बघून हळूच म्हणाला, "वाऱ्याचा झोत आला असं लिहून टाका. बघायला होतं कोण?"

"झोत कसला? पायच जागेवर नव्हता. तीन महिने झाले, मुंग्या येतात. आताशा तळव्याला काही कळतच नाही."

"आणि हे कुणाला बोलला नाहीत?"

"ही गेल्यापासून घरी आहे कोण? भिंतीला सांगू?"

"मला सांगायचं!" मेकॅनिकचा आवाज चढला. "रोज चहा बरोबर पितो ना आपण?"

अकरा वर्षं दोघांनी बरोबर चहा प्यायला होता, पण बोलणं इंजिनापलीकडे कधी गेलंच नव्हतं.

अहवालात त्यांनी खरं तेच लिहिलं. परवाना गेला. डॉक्टर म्हणाले, पाठीत नस दबली आहे, उपचार घेतलेत तर चालणं-फिरणं नीट राहील, उडणं मात्र विसरा. औषधांची फेरी एका तरुण वैमानिक बाईकडे गेली. ती त्यांचीच विद्यार्थिनी.

पुढच्या सोमवारी ते सवयीने पाचला उठले, दाढी केली, बूट चढवले. नाडी बांधून झाल्यावर आठवलं. मग तसेच स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून राहिले.

आठच्या सुमारास छपरावरून विमान गेलं.

"वर चढायची घाई करतेय," मास्तर मोठ्याने म्हणाले आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले.

त्यांनी मेकॅनिकला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. फोन बराच वेळ वाजत राहिला. हँगरमधल्या आवाजात त्याला ऐकू येत नसेल, असं म्हणत त्यांनी तो पुन्हा लावला.