सॅमन की रावस

वीणाचा फोन आला तेव्हा रविंद्र सिंकपाशी हात धूत होता. सकाळचे पावणेनऊ. आधी लिंबू, मग भांड्यांचा साबण, मग पुन्हा लिंबू. हाताला मासळीचा वास येत होता, आणि त्या घरात गेल्या वर्षभरात मासळी शिजली नव्हती.

"भाऊजी, आज मला नदीवर न्याल का?" वीणा म्हणाली. "परत बंद होणार म्हणतायत. एकदा बंद झालं की त्याच्या वर्षश्राद्धापर्यंत काही खरं नाही. त्याआधी ती जागा बघायचीय. आणि गळ टाकायचाय. त्याचा रॉड गॅरेजमध्ये तसाच पडलाय."

"आज गुरुवार आहे, वहिनी."

"पकडायचाय. खायचा कुठे आहे?"

२०२१ च्या जुलैची पंधरा तारीख होती. मेलबर्नचे चार लॉकडाउन होऊन गेले होते आणि पाचवा दाराशी येऊन उभा होता. वीणाचा नवरा गुरुदत्त जाऊन अकरा महिने झाले होते. त्याच्या अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. तीन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या रविंद्रने तो लॅपटॉपवर पाहिला होता.

डायनिंग टेबलावर त्याच्या बायकोची, सुचित्राची, मीटिंग चालू होती. तिने माइक बंद केला. "वीणा?"

"बारवन हेड्सला न्यायला सांगतेय."

सुचित्राने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. "घसा बरा आहे ना?" तिने विचारलं आणि माइक चालू केला.

हा प्रश्न तिने बरोबर एक वर्ष आणि सात दिवसांपूर्वीही विचारला होता.

गुरुदत्त मूळचा रेवदंड्याचा. कुंडलिका समुद्राला मिळते तिथे त्याचं लहानपण गेलेलं. नदीचं मुख दिसलं की त्याचे पाय आपोआप चपलेतून बाहेर यायचे. रविंद्र पुण्याचा, माशाची आणि त्याची ओळख थेट ताटात. दोघंही मेलबर्नच्या कडेच्या टार्निटला घरं बांधून राहिलेले. २०१४ च्या जूनमध्ये, इथला हिवाळा लागताना, गुरुदत्त त्याला पहिल्यांदा बारवन नदीच्या मुखाशी घेऊन गेला, आणि त्यानंतर सात हिवाळ्यांत त्यांचा एकही महिना चुकला नाही. थंडीत भरतीबरोबर सॅमनचे थवे नदीत शिरत. वर पक्षी घिरट्या घालू लागले की गुरुदत्त हलक्या आवाजात म्हणे, "आल्या रे माहेरवाशिणी," आणि चकाकणारं आमिष दूरवर फेके. सॅमन लागला की रॉड कमानीसारखा वाके. रविंद्रच्या हातातला पहिला मासा सुटला तेव्हा तो दोन दिवस त्याच्याबद्दलच बोलत होता. ऑफिसातल्या लोकांना वाटलं, कुणीतरी गेलं.

त्या माशाला गुरुदत्त सॅमन म्हणत नसे. रावस म्हणे.

"मुंबईच्या हॉटेलांत रावसाला इंडियन सॅमन म्हणतात की नाही? मग ऑस्ट्रेलियन सॅमनलाही रावस म्हणायचं. लॉजिक आहे, रव्या."

"हे लॉजिक नाही, भूक आहे."

शेजारी गळ टाकून बसणाऱ्या एका गोऱ्या म्हाताऱ्याने एकदा दोघांचा वाद मिटवायचा प्रयत्न केला होता. "मेट, हा सॅमनसुद्धा नाही. वेगळंच काहीतरी आहे. पहिल्यांदा आलेल्या आमच्या लोकांना घरची आठवण आली, म्हणून हे नाव ठेवलं."

"मग आम्ही वेगळं काय करतोय?" गुरुदत्त म्हणाला होता.

पण नुसतं नाव ठेवून त्याचं समाधान होत नसे. या माशाचं मांस काळपट, तेलकट; वास उग्र. गुरुदत्तचा सिद्धान्त होता की दोष माशाचा नाही, रक्ताचा आहे. मासा बाहेर आला की लगेच कल्ल्याखाली सुरीचं टोक घालायचं, डोकं खाली करून खाऱ्या पाण्याच्या बादलीत धरायचं आणि शंभर मोजायचे. रक्त नीट निघालं तर हाताला वास राहणार नाही. वास राहिला नाही, तर तो रावस.

आणि हे ठरवायचं रविंद्रच्या नाकाने. गुरुदत्त सॉफ्टवेअर टेस्टर होता. "ज्याने कोड लिहिला त्यानेच टेस्ट केलं, तर सगळं पासच होतं," असं तो म्हणे. मासा साफ झाला की तो ओला पंजा रविंद्रच्या नाकाखाली धरी.

"सांग. सॅमन की रावस?"

सात हिवाळे रविंद्रचं उत्तर एकच होतं. "सॅमन. घाणेरडा सॅमन." मग गुरुदत्त रॉडसकट आकाशाकडे हात करी, आणि थर्मासच्या झाकणात चहा ओतला जाई. झाकण एकच. अर्धा चहा याचा, अर्धा त्याचा. दुसरा कप न्यायचं कधी कुणाला सुचलं नाही.

२०२० च्या जुलैची आठ तारीख, बुधवार. त्या रात्री बारा वाजता शहर दुसऱ्यांदा बंद होणार होतं. सकाळी रविंद्र हळदमिठाच्या गुळण्या करत होता. सुचित्रा म्हणाली, "घसा बरा आहे ना? दुखत असेल तर घरी बस. टेस्ट करून ये." तो म्हणाला, "थंडीने धरलाय. आज शेवटचा दिवस आहे." इतकंच बोलणं झालं.

त्या दुपारी दोन मासे मिळाले. गुरुदत्तने रक्त काढलं, शंभर मोजले, पोट साफ केलं आणि पंजा पुढे धरला. रविंद्रने वास घेतला. मग पुन्हा घेतला.

"रावस," तो म्हणाला.

गुरुदत्त आधी हसलाच नाही. "खोटं बोलू नकोस."

"आईशप्पथ. काही म्हणजे काही वास नाही."

पन्नाशीला आलेला तो माणूस मग ओल्या वाळूत नाचला. येणाऱ्याजाणाऱ्या कुत्र्यांना सांगत सुटला. थर्मास उघडला. त्या दिवशी दोघांनी चार झाकणं चहा प्यायला.

दोन दिवसांनी स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन करपलं. रविंद्र तिथेच, ओट्यापासून चार फुटांवर बसला होता. सुचित्रा वरून धावत आली, तिने गॅस बंद केला, खिडकी उघडली. मग काळ्या पातेल्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

चौदा तारखेला गुरुदत्तला ताप आला. सतराला आरोग्य खात्यातून रविंद्रला फोन आला: गेल्या दोन आठवड्यांत काही लक्षणं? तो म्हणाला, नाही. त्याच दिवशी केलेली टेस्ट निगेटिव्ह आली. कागदावर तो स्वच्छ होता. चौदा ऑगस्टला गुरुदत्त गेला. वीणा वृद्धाश्रमात केअररचं काम करायची, आणि तिच्या वृद्धाश्रमातही रोग पोचला होता. सगळ्यांनी दोन आणि दोन चार केले. वीणाने सगळ्यात आधी केले.

मासळीचा वास ऑक्टोबरपासून येऊ लागला. पहाटे उशीला, कॉफीच्या कपाला, गाडीच्या स्टिअरिंगला. सुचित्राला विचारलं, तर ती म्हणे, काही नाही. मित्रांना विचारलं, ऑफिसातल्यांना विचारलं. कुणालाच काही नाही. रविंद्रने वाचून काढलं होतं की गेलेलं नाक परत येताना असे खेळ करतं. डॉक्टरकडे मात्र तो गेला नाही. गेला असता, तर तारीख सांगावी लागली असती.

वीणा गाडीत मागच्या सीटवर बसली. मास्क लावून, काच दोन बोटं उघडी ठेवून. मांडीवर पिशवी होती, त्यातून थर्मासचं डोकं दिसत होतं.

"रुचा कशी आहे?" जीलाँग शहर मागे पडल्यावर रविंद्रने विचारलं. रुचा ही वीणाची मुलगी, युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला.

"आहे. खोलीत असते. जेवायला हाक मारली की येते." वीणा बाहेर बघत होती. "अंत्यविधी झाल्यावर एकदाच बोलली. 'यू ब्रॉट इट होम, मम.' ओरडून नाही हं. साधं, वेळ सांगावी तसं. त्यानंतर तो विषय नाही आणि दुसराही कुठला नाही."

रविंद्रने आरशात पाहिलं नाही.

"मी कामावरून आले की गॅरेजमध्येच कपडे बदलायचे," ती म्हणाली. "तिथेच बादलीत गरम पाण्यात टाकायचे. काम सोडून दहा महिने झाले, भाऊजी. अजून बाजारातून आले तरी पाय आपोआप गॅरेजकडे वळतात."

नदीच्या मुखाशी वारा होता. भरती नुकती सुरू झाली होती. पुलाचे लाकडी खांब, समोरचा काळा कडा, वाळूत चालणारे दोन-चार लोक, सगळं जागच्या जागी होतं. रविंद्रने वीणाला रॉड कसा धरायचा ते दाखवलं. तिने चौदा वेळा गळ फेकला. चार वेळा तो तिच्याच पायाशी पडला.

"वरून हसत असेल," ती म्हणाली.

"हसत नसेल. सूचना देत असेल."

तीनच्या सुमारास पक्षी आले. माहेरवाशिणी हा शब्द रविंद्रच्या ओठांवर येऊन थांबला. पंधराव्या फेकीला रॉड वाकला. वीणा किंचाळली नाही. ओठ आवळून, मागे सरकत, तिने दहा मिनिटं मासा खेळवला. दोन किलोचा असेल. पाठ हिरवट, पोट चांदीचं. रविंद्र पुढे झाला, तर तिने सुरी स्वतःच मागून घेतली. कल्ल्याखाली टोक घातलं, डोकं बादलीत धरलं. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती. शंभर झाल्यावरच तिने मान वर केली.

तिने पोट साफ केलं, हात नदीत खळबळले आणि ओला पंजा त्याच्यासमोर धरला.

"सांगा. सॅमन की रावस?"

रविंद्रने बादली उचलून बाजूला ठेवली.

"सांगा ना. दवाखान्यातून फोन करायचा ना, धाप लागलेली असायची, तरी मला काय सांगायचा? 'वीणा, रव्या रावस म्हणाला. सात वर्षांनी म्हणाला.' शेवटच्या फोनमध्येसुद्धा तेच. माझ्याकडे त्याचा तेवढाच एक चांगला दिवस उरलाय, भाऊजी."

तिच्या तळव्यावर दोन खवले चिकटले होते. रविंद्रने वाकून वास घेतला. आला. तो तर सगळीकडेच येत होता.

"सॅमन," तो म्हणाला.

वीणा हसली. "म्हणजे मला जमलं नाही. त्यालाच जमलं होतं."

त्या वेळी गप्प बसता आलं असतं. एक चांगला दिवस तिच्यापाशी राहू देता आला असता. पण तिने हात पुसायला पिशवी उघडली आणि थर्मासचं झाकण वाळूत पडलं. तेच, कडेला टवका गेलेलं.

"त्यालाही जमलं नव्हतं, वहिनी," रविंद्र म्हणाला. "मला वास येत नव्हता."

तिला लगेच कळलं. तिने अशा माणसांची सेवा केली होती. हातातला नॅपकिन तसाच राहिला.

मग त्याने क्रमाने सांगितलं. सकाळच्या गुळण्या. सुचित्रा काय म्हणाली. चार झाकणं चहा. दहा तारखेचं दूध. सतरा तारखेचा फोन आणि त्यावर दिलेलं उत्तर. सांगताना आवाज चढला नाही की कापला नाही. कुणा परक्याची हकिगत वाचून दाखवावी तसं तो बोलत गेला. "खात्री नाही," शेवटी तो म्हणाला. "ती कुणालाच कधी होणार नाही."

"खात्री मलाही नव्हती," वीणा म्हणाली. "तरी मी वर्षभर माझ्यावर घेतलंच ना?"

पाणी तिच्या बुटांपर्यंत आलं होतं. ती मागे सरली नाही.

"एक सांगा. घसा दुखतोय हे चहा घ्यायच्या आधी माहीत होतं?"

"हो."

"आणि दूध करपलं तेव्हा वास गेलाय हे कळलं. दहाला. त्याला ताप चौदाला आला. मधे चार दिवस होते. एक फोन केला असता तर मी त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं असतं. लवकर टेस्ट केली असती. लवकर नेलं असतं."

"हो."

दोघांचेही फोन एकदम वाजले. आज रात्री अकरा एकोणसाठपासून लॉकडाउन. पाच दिवस, असं लिहिलं होतं. पाच दिवस म्हणजे किती, हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालं होतं.

वीणाने झाकण उचललं, वाळू झटकली, थर्मासवर फिरवून बसवलं. चहा कुणीच प्यायला नव्हता. साफ केलेला मासा तिने शेपटीला धरून पाण्यात सोडला. भरतीची ओढ आत होती. तो समुद्राकडे न जाता पुलाच्या दिशेने, नदीत वर वर वाहत गेला.

"हे रुचाला सांगायचं," ती म्हणाली. "आजच. दार बंद व्हायच्या आत. मी सांगितलं तर तिला वाटेल, आई स्वतःला सोडवून घेतेय."

"सांगतो."

"मी तुम्हाला माफ केलंय असं काही समजू नका."

"नाही."

परतीच्या वाटेवर ती उघड्या काचेतून बाहेर बघत होती. टार्निटच्या दुकानांबाहेर ट्रॉल्यांच्या रांगा लागल्या होत्या. घरासमोर गाडी थांबली तेव्हा वीणा सवयीने गॅरेजकडे दोन पावलं गेली. मग थांबली, वळली आणि पुढच्या दाराने, बूट न काढता, तसल्याच वाळूच्या कपड्यांनी आत गेली. आतून तिची हाक ऐकू आली. "रुचा, बाहेर ये. रविंद्रकाका आलेत."

रविंद्र पायरीपाशी उभा राहिला. गेल्या हिवाळ्यानंतर त्याने या घराची पायरी चढली नव्हती.

रुचा हूडीच्या बाह्यांत हात ओढून दारात आली. वडिलांसारखंच कपाळ. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग नाक किंचित आक्रसलं.

"काका, यू स्मेल ऑफ फिश."

वर्षभरात हा वास दुसऱ्या कुणाला पहिल्यांदाच आला होता.

"हो," रविंद्र म्हणाला. "येतोच. बस थोडा वेळ." आणि तो पायरीवर बसून आठ जुलैच्या सकाळपासून सांगू लागला.