मधल्या शेतातला दगड

फाळाचं मोडकं टोक दाराजवळच्या खिळ्याला लटकत होतं – गंजून तांबूस झालेलं, तळहाताएवढं, आणि नऊ पोरांनी येता-जाता हात लावून एका बाजूनं गुळगुळीत केलेलं. तिनं कपात चहा ओतता ओतता त्याच्याकडे पाहिलं आणि चहा बशीत सांडला.

"राहू द्या आजी," मशीनवाला म्हणाला, "बशीतला मी आधी पितो."

बोलका माणूस होता. खणायचं मोठं मशीन अंगणात उभं करून तो स्वयंपाकघरात येऊन बसला होता, आणि थोरला बाहेर त्याच्या मशीनभोवती प्रदक्षिणा घालत होता. थोरल्याला ही कल्पना सुचली कालच्या जेवणात. बाबांना जाऊन वर्ष व्हायच्या आत मधलं शेत सरळ करून टाकायचं. बाबांनी जन्मभर ज्या दगडाला शिव्या दिल्या, ज्याच्यापायी फाळ मोडला, ज्याला वळसा घालून नांगराचं प्रत्येक तास वाकडं गेलं, तो दगड उपटून काढायचा. सून म्हणाली, बरं होईल. ती स्वतः घास चावत राहिली. तोंडात घास होता, हे एक निमित्त. पण घास संपल्यावर ती ताट उचलून मोरीकडे गेली आणि रात्रभर कूस बदलत राहिली.

कारण तिथं दगड नव्हताच.

"मुलं किती तुम्हाला, आजी?"

"नऊ," ती म्हणाली.

हे उत्तर तिला झोपेतही देता आलं असतं. बाजारात, दवाखान्यात, शेजारणींना – नऊ. आणि दर वेळी ते म्हटल्यावर एक आवंढा गिळायचा, इतक्या सवयीनं की गिळलेला कळूही नये. आज मात्र तिची बोटं पदराखाली दहापर्यंत मोजून गेली. मशीनवाला "वा, भरलं घर," असं काहीसं म्हणत उठला, टोपी घातली, बाहेर गेला... मशीन धडधडायला लागलं, कपबशा फळीवर थरथरल्या.

जाऊ दे, असं तिला क्षणभर वाटलं. इतक्या वर्षांनी काय उरलं असणार खाली? खणतील, दगड सापडणार नाही, थोरला डोकं खाजवेल, म्हणेल खोल गेला असेल. आणि सापडलं तर – ती लाकडी पेटी, ह्यांनी जहाजातून आणलेल्या खोक्याच्या फळ्यांची... मशीनच्या दातात... तिनं पदराला हात पुसले आणि चपला न घालताच निघाली.

गुडघे कुरकुरत होते. कुरकुरू देत. गोठ्याच्या मागून पाऊलवाट होती आणि त्या वाटेवरच तो ऐरणीचा ओंडका अजून होता, ज्यावर ह्यांनी... तिला चालता चालता हसू आलं, अशा वेळी यायला नको होतं तरी आलं. तेव्हा थोरला नांगराला हात लावण्याएवढा झाला होता. बाबा, तिथं का नाही नांगरायचं? खाली दगड आहे. केवढा? मोठा. कशावरून? मग काय करणार बिचारे! पोरगं कुदळ घेऊन निघेल या भीतीनं दुसऱ्या दिवशी गोठ्यामागं जाऊन चांगला फाळ मोडला. खोटं पचवायला पुरावा लागतो म्हणे. बोलायला तोंड नसलेला माणूस, पण एकदा थाप मारली ती अशी लोखंडी मारली.

खरं तर मी सांगणार होते, ती मनाशी म्हणाली. पोरं मोठी झाली की सांगू, असं दोघांचं ठरलं होतं. पण थोरला पोटात असताना ते तोंडावर कसं आणणार, आणि तो झाल्यावर त्याच्या पाठची पोटात, मग जुळी, मग... दुःख करायला सवड लागते आणि आमच्याकडे कायम कुणाचं तरी नाक पुसायचं राहिलेलं असायचं. शिवाय इथल्या लोकांची भाषा तेव्हा येत नव्हती. कुणाला विचारायचं, गेलेलं तान्हं मूल कुठं ठेवतात इथं? आम्ही 'नवे' होतो – अजूनही ह्या शेताला 'नव्यांचं शेत'च म्हणतात, नव्यांना नातवंडं झाली तरी – आणि आमच्याकडे जमीन होती ती एवढीशी, झाडं तोडून मोकळी केलेली. तिच्या अगदी कडेला, वाट पडणार नाही अशा जागी ठेवलं होतं आमच्या पहिल्या लेकीला. पहिला दात यायच्या आत गेली. मग रान मागं हटत गेलं, शेत वाढत गेलं, आणि जी कड होती ती मधोमध आली.

मशीन शेतात शिरलं होतं. खाटेएवढ्या गवताच्या त्या तुकड्याजवळ थोरला हात हलवून त्याला दिशा दाखवत होता; केस पिकलेला, पाठीत किंचित वाकलेला, तरी आज एखाद्या पोरासारखा खुशीत.

"बरी आलीस, आई. बघ आता, बाबांच्या वैऱ्याला बाहेर काढतो."

"थांबव ते."

"अगं, लांब उभी राहा, काही होत नाही."

"थांबव म्हणते ना. तिथं दगड नाही."

"मग काय आहे?"

"तुझी बहीण आहे," ती म्हणाली.

थोरल्यानं हात वर केला. मशीन बंद झालं आणि शेत एकदम फार मोठं वाटायला लागलं.

"माझ्या आधीची?"

"आधीची."

तो खाली ढेकळांवरच बसला. आता चिडेल, असं तिला वाटलं. इतकी वर्षं खोटं का सांगितलंत म्हणून विचारेल. त्यानं हात लांबवून गवताची कड चाचपली.

"आणि फाळ?"

"तो तुझ्या बाबांनी मोडला. गोठ्यामागं, घणानं. मोडता मोडेना. अख्खी दुपार घाम गाळला."

थोरला हसला. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलायला लागले, डोळ्यांना पाणी आलं, आणि ते कशाचं होतं हे दोघांनीही ठरवलं नाही.

"म्हणजे मी थोरला नव्हेच," तो म्हणाला. "आई, आठ जणांचे जोडे दुरुस्त केले मी थोरला म्हणून. शाळा सोडली थोरला म्हणून. आणि मी दुसराच."

तो तक्रार करत नव्हता. पोतं खाली टेकवल्यावर माणूस जसा श्वास सोडतो, तसं म्हणाला. तो श्वास तिला ओळखीचा वाटला. तिच्याही छातीतून आत्ता तोच गेला होता, तिला न विचारता.

"मालक, खणायचं काय मग?" मशीनवाल्यानं वरून विचारलं.

"कडेची चर काढ. पाणी तुंबतं तिथं." मग तिच्याकडे न बघता, हळू, "नाव काय तिचं?"

तिनं सांगितलं. थोरल्याचे बाबा गेल्यापासून ते नाव या जगात कुणीच म्हटलं नव्हतं. त्यानं ते उच्चारून पाहिलं – चुकीचं, इथल्या लोकांसारखं, मधलं अक्षर ओढून. तिनं सुधारायला तोंड उघडलं.

आणि मिटलं. असू दे. असंच हाक मारली असती तिला इथं सगळ्यांनी.